बॅक्टेरिया कॅन्सर शोधतात आणि मारतातही? फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा



डावी बाही जरा वर करा. दंडावर लहानसा गोल वण दिसतोय? आपल्यापैकी बहुतेकांना तो असतो. जन्मल्यावर टोचलेल्या बीसीजी लशीची ती खूण. ही लस क्षयरोगासाठी असते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच जातीचे जिवंत बॅक्टेरिया मूत्राशयाच्या कॅन्सरवर औषध म्हणूनही दिले जातात, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

आज हा विषय घ्यायचं कारण सांगतो. मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. मध्यंतरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरला : "बॅक्टेरिया कॅन्सर खाऊन टाकतो, ऑपरेशनची गरज नाही." त्याखाली एकाने विचारलं, "बाबांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. थांबवू का?" अशा वेळी अर्धवट माहिती महागात पडते. म्हणून यातलं आज मिळणारं काय आणि अजून प्रयोगशाळेतच असलेलं काय, ते वेगळं करून बघू.

बॅक्टेरियाच का?

कॅन्सरची गाठ भराभर वाढते, पण तिच्या आतपर्यंत रक्तपुरवठा नीट पोहोचत नाही. त्यामुळे आत ऑक्सिजन कमी असतो आणि शरीराची प्रतिकारशक्तीही तिथे ढिली पडते. काही बॅक्टेरियांना नेमकी अशीच जागा मानवते. शिवाय बॅक्टेरिया आत शिरले की झोपलेली प्रतिकारशक्ती जागी होऊ शकते.

न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी १८९१ पासून रुग्णांच्या गाठीत मुद्दाम बॅक्टेरिया टोचून पाहिले. काहींच्या गाठी विरघळल्या, तर काही जण त्या संसर्गानेच दगावले. फायदा आणि धोका, दोन्ही तेव्हापासून बरोबरच चालत आलेत.

आज मिळणारा उपचार : बीसीजी

फ्रान्समध्ये कॅलमेट आणि गेरँ यांनी गुरांच्या क्षयाचा जंतू १९०८ पासून १३ वर्षं प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून कमजोर केला. तोच बीसीजी. कॅनडातले डॉक्टर अल्व्हारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये तो मूत्राशयाच्या कॅन्सरवर वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि १९९० मध्ये अमेरिकेत या उपचाराला मंजुरी मिळाली.

कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोहोचलेला नसेल, पण परत येण्याची भीती जास्त असेल, तेव्हा हा उपचार देतात. आधी दुर्बिणीतून गाठ काढतात. काही आठवड्यांनी बारीक नळीतून बीसीजीचं द्रावण मूत्राशयात सोडतात. रुग्णाने साधारण दोन तास लघवी रोखून धरायची. आठवड्यातून एकदा, असं सहा वेळा, आणि पुढे गरजेनुसार. जळजळ, ताप असे त्रास होऊ शकतात.

लक्षात घ्या, इथे बॅक्टेरिया ऑपरेशननंतर येतो, ऑपरेशनऐवजी नाही. आणि दंडावर वण आहे म्हणून हा कॅन्सर होणार नाही, असंही नाही.

बदललेला बॅक्टेरिया आणि पुण्याचा संबंध

साध्या बीसीजीत जनुकांची मुद्दाम जोडतोड केलेली नसते. ती केलेला प्रकार म्हणजे व्हीपीएम-१००२. जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेत त्याचा शोध लागला आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्याच्या विकासात सहभागी आहे. भारतात आयसीएमआरने २०१९ मध्ये त्याची क्षयरोगावरची लस म्हणून मोठी चाचणी सुरू केली.

जनुक म्हणजे पेशीचा कोड समजा. या बीसीजीच्या कोडमधून एक जनुक काढलं आणि लिस्टेरिया नावाच्या दुसऱ्या बॅक्टेरियाचं एक जनुक घातलं. आपली पेशी बॅक्टेरियाला गिळते तेव्हा त्याला एका पिशवीत बंद करते. काढलेल्या जनुकामुळे ती पिशवी आम्लयुक्त होते. घातलेल्या जनुकाचं प्रथिन अशा आम्लातच काम करतं आणि पिशवीला भोकं पाडतं. बॅक्टेरियाचे अंश बाहेर पडतात आणि प्रतिकारशक्तीला जास्त जोरात इशारा मिळतो.

साधं बीसीजी घेऊनही कॅन्सर परत आलेल्या सुमारे ४० रुग्णांवर युरोपात याची चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ६० आठवड्यांनंतर साधारण निम्म्या रुग्णांच्या मूत्राशयात कॅन्सर परत आलेला नव्हता. आकडा आशादायक आहे, पण चाचणी लहान होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

कॅन्सर शोधणारे बॅक्टेरिया

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या ताल डॅनिनो, संगीता भाटिया आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायचा निरुपद्रवी प्रकार बदलून उंदरांना खाऊ घातला. तो यकृतात पसरलेल्या कॅन्सरमध्ये जाऊन वाढला आणि त्याचा संकेत उंदरांच्या लघवीत मिळाला. २०२३ मध्ये अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आतड्याच्या कॅन्सरचा बदललेला डीएनए ओळखणारा बॅक्टेरिया तयार केला. गाठीतून सुटलेला डीएनए तो उचलतो. त्यात ठरावीक बिघाड सापडला, तरच तो अँटिबायोटिकमध्ये तग धरतो. जगला म्हणजे कॅन्सर सापडला! हाही प्रयोग उंदरांवरच झालाय.

उंदरात चाललेलं माणसात चालेलच असं नाही. २००२ मध्ये बदललेला साल्मोनेला कॅन्सर पसरलेल्या सुमारे २५ रुग्णांना दिला गेला. उंदरांत त्याने कमाल केली होती. माणसांच्या गाठीत तो फारसा टिकलाच नाही, आणि उपचार लागू पडला म्हणावा इतकी गाठ कोणाचीच लहान झाली नाही.

थोडक्यात

१. बीसीजी हा मूत्राशयाच्या ठरावीक कॅन्सरवरचा मान्य उपचार आहे. तो तज्ज्ञ डॉक्टरच देतात.

२. व्हीपीएम-१००२ ची कॅन्सरसाठी माणसांवर चाचणी झाली आहे, पण तो अजून नेहमीचा उपचार नाही. इथे सांगितलेले कॅन्सर शोधणारे बॅक्टेरिया मेडिकलमध्ये मिळत नाहीत. दही किंवा प्रोबायोटिकची बाटली म्हणजे ते नव्हेत.

३. लघवीतून रक्त गेलं, दुखत नसलं तरी, लगेच तपासून घ्या. घरात तंबाखू किंवा सिगारेट ओढणारं कोणी असेल तर जास्तच.

४. अशा बातमीत आधी एकच गोष्ट शोधा : प्रयोग कोणावर झाला, उंदरांवर की माणसांवर? हे लिहिलेलं नसेल, तर फॉरवर्ड करू नका. आणि ठरलेलं ऑपरेशन मेसेज वाचून तर मुळीच पुढे ढकलू नका. शंका असेल तर तो मेसेज डॉक्टरांना दाखवा आणि सरळ विचारा.