क्ष-किरण टोमोग्राफी : पदार्थाच्या अंतरंगाचा वेध

बाजारात कलिंगड घेताना जाणकार ग्राहक ते बोटांनी वाजवून पाहतो. आतला गर कापल्याशिवाय दिसत नाही. पदार्थवैज्ञानिकापुढेही असाच पेच असतो. ओतीव धातूच्या भागात पोकळी राहिली आहे काय, काँक्रीटमधील तडा किती खोल गेला आहे, हे पाहण्यासाठी नमुना कापावा, तर कापतानाच आतील रचना बिघडण्याची भीती असते. शिवाय कापलेला भाग पुन्हा उपयोगी पडत नाही. क्ष-किरण टोमोग्राफीने हा पेच बऱ्याच अंशी सोडवला आहे.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. हे किरण पदार्थातून जाताना काही प्रमाणात शोषले जातात. पदार्थ जितका घन आणि त्यातील मूलद्रव्यांचा अणुक्रमांक जितका मोठा, तितके शोषण अधिक. साध्या क्ष-किरण चित्रात मात्र पुढच्या आणि मागच्या साऱ्या गोष्टी एकाच सपाट छायेत मिसळून जातात. पोकळी दिसली तरी ती किती खोलीवर आहे, हे कळत नाही.

यावरील उपायाचा गणिती पाया ऑस्ट्रियन गणिती योहान राडोन यांनी १९१७ मध्येच घातला होता. अनेक दिशांनी घेतलेल्या छायांवरून मूळ वस्तूची रचना पुन्हा उभी करता येते, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे अ‍ॅलन कॉरमॅक आणि गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांनी स्वतंत्रपणे हे तत्त्व क्ष-किरणांना लागू केले. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्रण झाले आणि १९७९ मध्ये दोघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘टोमोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ काप. म्हणून हे झाले काप-चित्रण.

रुग्णालयात यंत्र रुग्णाभोवती फिरते. पदार्थांच्या प्रयोगशाळेत बहुधा नमुनाच फिरत्या चकतीवर ठेवतात. तो थोडा थोडा फिरवत शेकडो, कधी हजारो छायाचित्रे घेतली जातात. त्यांवरून संगणक नमुन्यातील प्रत्येक घनबिंदूपाशी किती शोषण झाले, हे काढतो. मग पडद्यावर नमुना हव्या त्या प्रतलात ‘कापून’ पाहता येतो. निर्जीव नमुन्याला किरणांच्या मात्रेची फारशी भीती नसल्याने चित्रण तासन्‌तास चालवता येते आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, म्हणजे मायक्रॉनच्या पातळीवरचे बारकावे टिपता येतात. सिंक्रोट्रॉनमधील प्रखर किरण वापरल्यास हेच काम फार जलद होते. नमुन्यावर ताण देत असताना तडा कसा पुढे सरकतो, हेही पाहता येते. भारतात इंदूर येथील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर अशा चित्रणाची सोय आहे.

या तंत्राचे मोल सर्वाधिक जाणवते ते जेथे कापणे अशक्य असते तेथे. ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये कांस्याच्या एका गंजलेल्या यंत्राचे अवशेष मिळाले. ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. १९७० च्या दशकात डेरेक प्राइस यांनी साध्या किरणचित्रांवरून त्यातील दंतचक्रे मोजण्याचा प्रयत्न केला. पण एकमेकांवर आलेल्या चक्रांमुळे अनेक प्रश्न उरले. अवशेष इतके नाजूक, की त्यांना संग्रहालयाबाहेर नेणे शक्य नव्हते. म्हणून २००५ मध्ये सुमारे आठ टन वजनाचे टोमोग्राफी यंत्रच अथेन्सच्या संग्रहालयात आणण्यात आले. तीस दंतचक्रांची मांडणी स्पष्ट झाली आणि गंजाखाली दडलेली अक्षरे वाचता आली. २२३ दाते असलेले एक चक्र ग्रहणांच्या २२३ चांद्रमासांच्या आवर्तनाशी जोडलेले आहे, हे २००६ मध्ये संशोधकांनी मांडले. अवशेषांना एकही ओरखडा न पडता प्राचीन खगोलज्ञानाचे हे दालन उघडले.

अर्थात, मर्यादाही आहेत. नमुना जितका मोठा, तितका बारकावा कमी. जाड पोलाद किंवा शिशातून किरण पुरेसे पार होत नाहीत. शोषण सारखेच असलेले दोन घटक चित्रात वेगळे ओळखणे कठीण जाते. मापनातील आणि गणनेतील दोषांमुळे चित्रात वर्तुळे आणि रेघा उमटतात. त्यांना तडा समजण्याची चूक होऊ शकते. म्हणून अनुभवी डोळ्यांची जागा यंत्र घेत नाही. मात्र विमानाच्या टर्बाइनमधील पात्यात दडलेली बारीकशी पोकळी पुढे अपघाताचे मूळ ठरू शकते. ती पाते बसवण्यापूर्वीच दिसणे, हेच या तंत्राचे खरे मोल होय.