फॅटी लिव्हरवर औषध आहे का? ते कोणाला लागतं?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' दिसलं की अनेक जण आधी गोळी शोधतात. दारूशी संबंध नसलेल्या फॅटी लिव्हरवर आता औषधं आली आहेत, पण ती ठरावीक रुग्णांसाठीच आहेत.

ग्रेड आणि स्टेज यात फरक काय?

सोनोग्राफीतला ग्रेड लिव्हरमध्ये चरबी किती साठली आहे ते सांगतो. धोका किती, हे मुख्यतः फायब्रोसिसवरून ठरतं. फायब्रोसिस म्हणजे दीर्घकाळच्या सुजेमुळे लिव्हरवर पडणारे व्रण. त्याच्या स्टेज एफ० ते एफ४ अशा असतात. एफ४ म्हणजे सिरॉसिस. फिब-४ स्कोअर (वय आणि साध्या रक्ततपासण्यांवरून) आणि फायब्रोस्कॅन यातून स्टेजचा अंदाज येतो.

कोणती औषधं आहेत?

रेसमेटिरॉम: मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजूर केलेली गोळी. या आजारासाठीचं तिथलं हे पहिलं औषध. ९६६ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर जास्त डोस घेणाऱ्या २९.९ टक्के जणांची लिव्हरची सूज गेली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ९.७ टक्के होतं.

सेमाग्लुटाइड: वजन कमी करण्यासाठी दिलं जाणारं इंजेक्शन. ऑगस्ट २०२५ मध्ये एफडीएने ते या आजारासाठीही मंजूर केलं. ७२ आठवड्यांत ६२.९ टक्के जणांची सूज गेली. औषध न मिळालेल्यांमध्ये ३४.३ टक्के.

ही दोन्ही मंजुरी एफ२ आणि एफ३ स्टेजसाठी आहे, तीही आहार आणि व्यायामाच्या जोडीने.

सॅरोग्लिटाझार: अहमदाबादच्या झायडस कंपनीची गोळी. भारतात २०२० मध्ये फॅटी लिव्हरसाठी मंजूर.

व्हिटॅमिन ई आणि पायोग्लिटाझोन: काही निवडक रुग्णांना डॉक्टर ही जुनी औषधं देतात. पायोग्लिटाझोनने वजन वाढू शकतं. व्हिटॅमिन ईचा मोठा डोस स्वतःच्या मनाने घेऊ नका.

बाकीच्यांनी काय करायचं?

वजन ५ टक्के घटलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते. ७ ते १० टक्के घटलं तर सूज उतरू शकते, आणि १० टक्क्यांवर व्रणही सुधारू शकतात. ८० किलोच्या माणसासाठी हे आकडे ४ ते ८ किलो होतात. सोबत शुगर आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवा, दारू टाळा.

त्यामुळे मेडिकलमधून लिव्हर टॉनिक आणण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: "माझा फायब्रोसिस कोणत्या स्टेजला आहे?" औषध लागेल की नाही, हे त्या उत्तरावर ठरेल.