काळा घोडा

दक्षिण मुंबईच्या फोर्ट भागातील घोड्याचा भव्य पुतळा आणि त्यावरून परिसराला पडलेले नाव. पुढे सातवा एडवर्ड झालेला ब्रिटिश युवराज १८७५-७६ मध्ये मुंबईस येऊन गेला. त्या भेटीची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी शिल्पकार जोसेफ एडगर बोम यांच्याकडून त्याचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा घडवून घेतला व तो १८७९ मध्ये येथे उभा राहिला. लोकांनी स्वाराला फारशी किंमत दिली नाही. लक्षात राहिला तो काळसर घोडाच. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवण्यात आला. नाव मात्र जागचे हलले नाही. पुढची पन्नासेक वर्षे टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ एवढे सांगितले की पुरत असे, घोडा जागेवर नसतानाही! १९९९ पासून भरणाऱ्या कलामहोत्सवानेही हेच नाव घेतले.

जानेवारी २०१७ मध्ये काळा घोडा असोसिएशनच्या पुढाकाराने येथे नवा घोडा आला. वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांच्या आराखड्यानुसार शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी तो साकारला. चौथऱ्यासह उंची सुमारे २५ फूट. पाठीवर ना खोगीर, ना स्वार. जुना पुतळा आजही राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी पाहता येतो.