दुसऱ्या चोरीचे माप

१९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि गायकवाडी अंमलातील कामरेजला १८६० ची दंडसंहिता लागू झाली. साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद. पूर्वी अशाच गुन्ह्यात दोषी ठरलेल्यास मात्र ७५ व्या कलमान्वये जन्मठेपही देता येई. तरतूद कठोर खरी, पण ती कमाल मर्यादा होती; न्यायाधीशाचा विवेक मोकळा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिली चोरी, माल परत केल्यास, समाजसेवेवर निभावते. दुसऱ्यांदा मात्र किमान एक वर्ष सक्तमजुरी. भाकरी चोरली असली तरी त्याहून कमी शिक्षा नाही. सराईतास जरब हवीच; परंतु भोगून संपलेल्या शिक्षेचे ओझे नव्या अपराधाहून जड होऊ नये.