अटक, वकील आणि कलम 22

पहाटे वस्तीत पोलिसांची गाडी येते, एका पोराला उचलून नेते. घरचे आधी नगरसेवकाकडे धावतात, मग ओळखीच्या हवालदाराकडे. वकील आठवतो तो पोलीस कोठडीचे चार दिवस संपल्यावर. आपल्याला वकील म्हणजे जामिनाचा माणूस वाटतो. पण अटकेच्या पहिल्याच दिवशी वकील मिळावा हा हक्क संविधानात कसा आला, याचा इतिहास आपल्या चळवळीलाही नीट माहीत नाही.

तारीख होती 15 सप्टेंबर 1949. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून 'ड्यू प्रोसेस' हे शब्द आधीच गळाले होते आणि त्यांच्या जागी 'कायद्याने ठरवून दिलेली कार्यपद्धती' आली होती. म्हणजे विधिमंडळाने कसाही कायदा केला, तरी त्या कायद्याप्रमाणे तुरुंगात टाकणे वैध ठरणार होते. त्या दिवशी बाबासाहेबांनी संविधान सभेत 15-अ हे नवे कलम मांडले आणि जे हातातून गेले त्याची ही भरपाई आहे, असे सभागृहाला स्पष्ट सांगितले. अटकेची कारणे सांगा, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्या आणि त्याच्यामार्फत बचाव करू द्या, 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. हेच आजचे कलम 22. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धताही आहे आणि स्थानबद्धाला हे हक्क नाहीत, हेही आपण लपवू नये.

हे मांडणारा माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला बॅरिस्टर होता. 1926 साली 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकरांचा बचाव करायला बाबासाहेबच उभे राहिले होते. चांगला वकील नसेल तर आरोपीचे काय होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते.

पण 'पसंतीचा वकील' याला पैसे लागतात. ही फट भरायला जवळजवळ तीस वर्षे गेली. 1978 च्या होसकोट प्रकरणात आणि 1979 च्या हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोफत वकील हा हक्क मानला. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना आणि कोठडीतल्या प्रत्येकाला तो दिला, उत्पन्न न बघता. 2012 साली कसाबच्या निकालात न्यायालयाने बजावले की पहिल्यांदा हजर केलेल्या आरोपीला या हक्काची माहिती देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

एवढे सगळे कागदावर असताना जालना जिल्ह्यात काय झाले ते पाहा. जून 2003 मध्ये भोकरदनजवळ एका शेतातल्या कुटुंबावर दरोडा पडला, खून आणि बलात्कार झाले. सहा जणांना पकडले. सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली, आणि ज्या तिघांची शिक्षा वाढवली त्यांचे म्हणणे ऐकूनच घेतले नव्हते! या कारणाने 2018 मध्ये तो निकाल मागे घ्यावा लागला. 5 मार्च 2019 रोजी सहाही जण निर्दोष सुटले. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने अवघ्या दोन दिवसांत पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून वेगळ्याच चार जणांना ओळखले होते. त्या चौघांचा तपासच केला नाही. सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. सोळा वर्षांचे पाच लाख.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो 1952 मध्ये रद्द झाला, तरी ती नजर ठाण्यातून गेलेली नाही. समाजशास्त्रात आम्ही याला कलंक म्हणायला शिकलो. वस्तीत त्याला 'रेकॉर्डवरचा' म्हणतात.

म्हणून वकिलाशी कसे वागायचे, हा प्रश्न आम्हाला जातीच्या इतिहासाचा प्रश्न वाटतो. आमच्या कामातले एक प्रकरण सांगतो. चोरीच्या गुन्ह्यात धरलेला पोरगा त्या वेळी दुसऱ्या गावात एका दुकानात होता. दुकानात कॅमेरा होता. आईबापांनी वकिलाला हे सांगितले दीड महिन्याने, कारण वकिलाने विचारले नव्हते आणि 'साहेबांना मध्ये कसे बोलायचे' म्हणून हे गप्प होते. तोवर चित्रीकरण पुसले गेले होते. शिवाय पोरावर जुनी एक केस होती, तीही लाजेपायी लपवली. ती सरकारी वकिलाने भर कोर्टात काढली आणि आपला वकील बघत राहिला. त्या वकिलावर आमचा राग आहे, पण त्याहून जास्त राग स्वतःवर आहे. आम्ही मोर्चा काढला, निवेदन दिले, फोटो काढले. कॅमेऱ्याचे कुणाला सुचले नाही.

आता आम्ही वस्तीत अटक झाली की आधी एक वही उघडतो. त्या दिवशी पोरगा कुठे होता, कुणी पाहिले, तिकीट, हजेरीपट, मोबाइल कुणाकडे आहे. एफआयआरची प्रत मागतो. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज त्याच दिवशी जातो. वकीलपत्रावर सही करण्याआधी घरच्यांना वकिलासमोर बसवतो आणि जुनी केस असेल तर तीही सांगायला लावतो. मोफत मिळालेला वकील असला तरी पुढची तारीख, साक्षीचे कागद, ओळख परेड झाली का, हे त्याला विचारायचेच. काही वकील चिडतात. चिडू द्या.