सूक्ष्म मूलद्रव्ये आणि मनोव्यवहार

लोह, जस्त, तांबे, आयोडीन ही मूलद्रव्ये शरीराला अत्यल्प लागतात; तरी त्यांची उणीव किंवा अतिरेक मनःस्थितीत व वर्तनात उमटतो. गर्भावस्थेतील आयोडीनची तीव्र उणीव बाळाची बौद्धिक वाढ कायमची खुंटवते. तांबे साठून होणाऱ्या विल्सन रोगात कधीकधी चिडचिड वा नैराश्य आधी दिसते. जॉन केड यांनी 1949 मध्ये उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवला. मात्र ती औषधी मात्रा होती, आहारातील नव्हे.

मुंबईत हा विषय देवनारला येऊन भिडतो. येथील कचराभूमी 1927 पासूनची. जानेवारी 2016 मधील आगीचा धूर शहरभर पसरला होता. कचऱ्यात जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या, रंग व विद्युत उपकरणांत शिसे असू शकते. शरीराला त्याचा काहीच उपयोग नाही. ते कॅल्शियमची नक्कल करून चेतापेशींतील संदेशवहन बिघडवते; मुलांचा बुद्ध्यंक घटतो, लक्ष टिकत नाही, आक्रमकता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याची सुरक्षित अशी ज्ञात पातळी नाही.

लोहाची कमतरता असली की आतडे शिसे अधिक शोषते, आणि खरी चिंता इथेच आहे. देवनारच्याच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबवलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019–21) महाराष्ट्रातील 6 ते 59 महिन्यांची 68.9 टक्के बालके रक्तक्षयी आढळली. कचऱ्याजवळ वाढणारे मूल अस्वस्थ, हट्टी वाटले, तर त्याला बोल लावण्याआधी रक्तातील शिसे आणि हिमोग्लोबिन तपासले पाहिजे.