घाचर घोचर

घाचर घोचर : विवेक शानभाग यांची कन्नड लघुकादंबरी (२०१३). श्रीनाथ पेरूर यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे ती भारताबाहेरही वाचली गेली. शानभाग शिक्षणाने अभियंते असून ‘देश काल’ या कन्नड वाङ्मयीन त्रैमासिकाचे ते संपादक होते.

कथानक : बंगळूरमधील एका एकत्र कुटुंबाची हकिगत घरातला मुलगा सांगतो, त्याचे नाव वाचकाला कळत नाही. वडील चहापूड विकणारे पगारी विक्रेते. मुंग्यांनी भरलेल्या लहानशा घरात प्रत्येक रुपयाचा खर्च सगळ्यांना ठाऊक असतो आणि नवी वस्तू सर्वांच्या विचाराने येते. वडिलांची नोकरी सुटल्यावर मिळालेल्या पैशांतून धाकटा काका, म्हणजे चिक्कप्पा, ‘सोना मसाला’ हा व्यवसाय उभारतो. धंदा भरभराटीला येतो, कुटुंब मोठ्या घरात जाते. निवेदक नावापुरता संचालक होतो. काम न करता त्याला पगार मिळू लागतो.

आशय : पैसा आल्यावर या घराची एकजूट मोडत नाही, उलट घट्ट होते, कादंबरीचे वेगळेपण यातच आहे. पूर्वी ही एकजूट टंचाईत तग धरण्यासाठी होती, आता ती कमावत्या काकाला जपण्यासाठी आहे. त्याच्यासाठी मसूर डाळीची आमटी घेऊन दारात आलेल्या स्त्रीला आई आणि बहीण मालती शिवीगाळ करून हाकलतात. निवेदक गप्प राहतो. त्याची पत्नी अनिता मात्र उघडपणे जाब विचारते. हैदराबादच्या प्राध्यापकाची ही मुलगी स्वकष्टाच्या कमाईला मान देणाऱ्या घरातून आलेली आहे. जुन्या मध्यमवर्गाची नीती तिच्यामुळे नव्या सुबत्तेसमोर उभी राहते. शीर्षकातील शब्द तिच्या माहेरचा, गुंता या अर्थाचा.

रचना : निवेदक कॉफी हाउसमध्ये बसून मागचे आठवतो. तो खोटे बोलत नाही, पण नेमके ठिकाण आले की विषय बदलतो. अनिताचे काय झाले, हे शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही. हिंसेची शंका तेवढी गडद होत जाते.

महत्त्व : १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाचे कथन भारतीय साहित्यात बरेचदा बाजार, कंपन्या आणि महानगर यांच्याद्वारे झाले. शानभागांनी ते स्वयंपाकघर आणि जेवणाच्या टेबलाशी आणले. घरच्यांच्या अन्यायापुढचे सुखवस्तू माणसाचे मौन हाही अन्यायच, हे ही छोटी कृती ठामपणे दाखवते.